उदाहरणातली सून

शब्दकोशातली उदाहरणं कोणी वाचत नाही, यावर त्या कार्यालयातल्या सगळ्यांचा गाढ विश्वास होता. लोक शब्द शोधतात, अर्थ बघतात आणि कोश मिटून आपल्या कामाला लागतात, असं कोशाचे प्रमुख संपादक सर नेहमी म्हणायचे. उदाहरणबाईंनी बावीस वर्षं उदाहरणं लिहिली ती याच भरवशावर, आणि तिथेच त्यांनी आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथल्या शिपायालाही चटकन आठवलं नसतं. इंग्रजी-मराठी कोशाच्या त्या कार्यालयात अर्थ लिहायला तिघे होते, उच्चार तपासायला एक, आणि शब्द वाक्यात कसा वापरायचा हे दाखवायला या एकट्या. म्हणून त्या उदाहरणबाई. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, तळाला टायरचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम रबराचा वास. दोन खोल्या आणि भिंतभर लाकडी खण. खणांत तळहाताएवढी कार्डं. डावीकडे वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी. वाक्य दुसऱ्या पुस्तकातून उचलायचं नाही, त्यात कोणाचं नाव घालायचं नाही, आणि लिहिणाऱ्यानं स्वतः वाक्यात शिरायचं नाही. कार्डावर 'मी' दिसला की सरांचं लाल पेन आपोआप चालायचं. कोश सगळ्यांचा असतो, त्यात तुमचं आमचं काय काम, असं त्यांचं म्हणणं.

दर गुरुवारी बैठक व्हायची. आठवडाभराचे सगळे कागद सरांच्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये साठायचे, ते गुरुवारीच बाहेर निघायचे. आग लागल्याची चिठ्ठी टाकली असती तरी ती गुरुवारीच वाचली गेली असती. बैठकीत एकेक कार्ड मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ते सोलून काढायचं आणि ज्याचं कार्ड असेल त्यानं तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी तिथली रीत होती. बैठकीआधी आपलं कार्ड ट्रेमधून मागे घेतलं तर मात्र कोणी का म्हणून विचारत नसे. सोलण्यात सगळ्यात पुढे अर्थ लिहिणाऱ्यांतले व्याकरणकाका. हा माणूस घास गिळतानासुद्धा मध्ये स्वल्पविराम घेत असावा असं बाईंना वाटे.

पण बाईंच्या कार्डांवर काकांचंही फारसं चालत नसे. पूर्वीच्या कोशांत राजे शूर असायचे आणि सूर्य पूर्वेला उगवायचा. बाईंच्या वाक्यांत दूध उतू जायचं, नळ ऐनवेळी कोरडा पडायचा, एक म्हातारी हाका मारायची आणि एक सून उभ्या उभ्या जेवायची. वाक्य वाचलं की शब्द डोळ्यांसमोर उभा राहायचा. "बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे," असं सर कौतुकानं म्हणायचे आणि बाई मान खाली घालायच्या. कल्पनाशक्तीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. सगळं घरचंच होतं.

ही खोड त्यांना लावली होती त्यांच्या सासूबाईंनी.

बाईंचं लग्न झालं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या आणि दुसऱ्याच वर्षी नवरा पुलाच्या कामावरून घरी आला तो चादरीत गुंडाळून. माहेरी परत जाण्यासारखं कोणी नव्हतं. सासूबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मुलगा गेल्यावर पंधराव्या दिवशी त्यांनी सुनेसमोर एक पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "रडून झालं असेल तर वाच. नसेल झालं तर रडत रडत वाच." रोज संध्याकाळी शिकवणी. त्यांची एकच पद्धत. पुस्तकातलं वाक्य वाचायचं, त्याचं मराठी सांगायचं, आणि मग पुस्तकातला माणूस काढून तिथे स्वतःला घालायचं. 'शेतकऱ्यानं गाय विकली' असं वाक्य असलं तर 'मी गाय विकली'. "आपल्याकडे गाय कुठे आहे?" असं सुनेनं एकदा विचारलं. "मग आपल्याकडे काय आहे ते विक," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी सुनेनं इंग्रजीत शिलाई मशीन विकलं, घड्याळ विकलं, सासूबाईंची छत्री विकली, आणि त्या घरात कित्येक दिवसांनी दोघी हसल्या. पाच वर्षांत ती पदवीधर झाली. कोशातल्या नोकरीची जाहिरात कापून आणली तीही सासूबाईंनीच.

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच पुढचं बाईंना तोंडानं कधी बोलता आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया बिघडली आणि कंबरेखालचं शरीर त्यांच्या हुकमाबाहेर गेलं. डोकं मात्र शाबूत, आवाज शाबूत, आणि उशाशी निवृत्त होताना शाळेनं दिलेली पितळी घंटा. घर दोन खोल्यांचं. खिडकीची खोली सासूबाईंची. स्वयंपाकघर आणि दार यांच्यामधल्या बोळकंडीत बाईंची खाट. पाय ताणले की ते कपाटाला लागायचे, म्हणून त्या अकरा वर्षं गुडघे दुमडूनच झोपत आल्या होत्या. कार्यालय घरापासून सात मिनिटांवर. सकाळी सासूबाईंचं सगळं आवरून जायचं, दुपारी एकला घरी येऊन त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, दोनला परत, सहाला घरी. मधल्या वेळात शेजारच्या वहिनी एकदा डोकावून जायच्या. या अकरा वर्षांत सात मिनिटांच्या पलीकडे बाई फक्त औषधाच्या दुकानापर्यंत गेल्या होत्या. ते नऊ मिनिटांवर होतं.

सहा वर्षांपूर्वी नणंद आईला न्यायला आली होती. ती दूरच्या गावी राहायची. घर मोठं, माणसं बरी. "आई, आता तू माझ्याकडे चल, वहिनीनं किती दिवस करायचं?" असं ती सरळ म्हणाली. बाई हातात चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मी इथून कुठेही जाणार नाही." विषय संपला. वहिनीला काय वाटतं हे आईनं विचारलं नाही, लेकीनंही विचारलं नाही, आणि वहिनीनं चहाचा कप टेबलावर ठेवला.

त्या दिवशी कार्यालयात खण उघडला तर पुढचं कार्ड होतं कन्फाइन्ड या विशेषणाचं.

खरं तर हा साधा शब्द आहे. त्याच्या आसपास दोन शब्द राहतात, त्यांच्याशी त्याची गल्लत होते. रिस्ट्रिक्टेड म्हटलं की कोणीतरी बंदी घातलेली असते, पाटी लावलेली असते. लिमिटेड म्हटलं की वस्तू मुळातच तेवढी असते, त्याला कोणाचा इलाज नसतो. कन्फाइन्डमध्ये चार भिंती असतात आणि आत कोणीतरी असतं, पण भिंती कोणी घातल्या ते हा शब्द सांगत नाही. तो जागेला लागतो, तेव्हा अर्थ होतो कोंदट, अरुंद. एखाद्या गोष्टीला लागतो, तेव्हा अर्थ होतो तेवढ्यापुरतीच. आणि माणसाला लागतो, तेव्हा खिळलेला, कोंडलेला, बंदिस्त. बाईंनी तीन कार्डं लिहिली. जागेसाठी: 'ती अकुंचित बोळकंडीत पाय दुमडून झोपते.' मग 'अकुंचित' असा शब्दच नाही हे लक्षात येऊन तो खोडला आणि 'कोंदट' लिहिलं. लक्ष घराकडेच होतं. गोष्टीसाठी: 'त्या दोघींचं बोलणं औषध आणि जेवण एवढ्यापुरतंच उरलं होतं.' आणि माणसासाठी: 'म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, पण घरात कोंडलेली आहे ती सून.'

गुरुवारी कार्डं वाचली गेली. व्याकरणकाकांनी चष्मा वर केला. "कोंडलेली आहे हे ठीक. पण कोंडलं कोणी? वाक्यात येत नाही."

"तेच तर या विशेषणाचं वैशिष्ट्य आहे," सर म्हणाले. "कोणी, ते सांगावं लागत नाही. फार सोयीचं विशेषण. आणि एका वाक्यात दोन छटा. छापा." रीतीप्रमाणे बाई गप्प बसल्या. कार्ड खणात गेलं, खण बंद झाला, आणि मनातला राग कागदावर उतरला की माणूस तो विसरतो तशा बाईही विसरल्या.

यंदा एका महिन्याच्या पहिल्याच गुरुवारी दोन गोष्टी एकदम घडल्या. कोशाचा पहिला खंड छापून आला, ए पासून डी पर्यंत, विटेसारखा जाड. प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. आणि सरांनी बाईंना थांबवून सांगितलं की संस्था मुलांसाठी नवा कोश करणार आहे, तो दुसऱ्या शहरातल्या शाखेत होईल, काम दोन वर्षांचं, आणि संपादक म्हणून त्यांना बाई हव्या आहेत. "मुखपृष्ठावर तुमचं नाव येईल," सर म्हणाले. "राहायला खोली मिळेल. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मला उत्तर हवं. एका ओळीची चिठ्ठी पुरे."

बाई त्या दिवशी सात मिनिटांचा रस्ता सतरा मिनिटांत चालल्या. नाव, खोली, दोन वर्षं. खोलीत पाय ताणता येतील, हा विचार त्यांच्या मनात सगळ्यात आधी आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. घरी पोचेपर्यंत उत्तर ठरलं होतं. सासूबाईंना सोडून जाणं शक्य नव्हतं, आणि विचारण्यातही अर्थ नव्हता, कारण सहा वर्षांपूर्वीच्या उत्तराच्या वेळी त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी घरात ती गोष्ट काढलीच नाही.

खंड मात्र सासूबाईंनी पिशवीतून डोकावताना बघितला. "आण इकडे," त्या म्हणाल्या. पोटावर उशी, उशीवर खंड, हातात भिंग. "मी उद्यापासून वाचायला घेते. रोज बारा पानं."

"आई, कोश कोणी असा वाचतं का? शब्द अडला की बघायचा असतो."

"माझा कुठलाही शब्द अडत नाही. म्हणून सगळाच वाचते. माझ्या सुनेनं बावीस वर्षं काय केलं ते तरी बघू."

बाई चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथेच त्यांना ते कार्ड आठवलं. नुसतं एक नाही. घंटा, ओझं, कंटाळा, काळजी. ए पासून डी पर्यंत जिथे जिथे त्यांचा जीव गुदमरला होता, तिथे तिथे एक म्हातारी आणि एक सून बसलेल्या होत्या. दूध उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती कन्फाइन्ड शोधण्याची. पान तीनशे बारा. रोज बारा पानं, म्हणजे सव्विसावा दिवस. आज शुक्रवार. त्यांनी बोटं मोजली. शेवटच्या आठवड्यातला मंगळवार येत होता.

तिथून त्या घरात एक विचित्र महिना सुरू झाला. सासूबाई चार ते सहा वाचायच्या आणि बाई घरी आल्या की अहवाल द्यायच्या. "ऑल्वेजचं उदाहरण बघितलं. 'सून नेहमी सगळ्यांच्या नंतर जेवते.' बरोबर आहे. जेवतेसच." दुसऱ्या आठवड्यात त्या बी वर आल्या. "बेल. 'म्हातारीनं दुपारपासून तिसऱ्यांदा घंटा वाजवली.' चांगलं वाक्य आहे. मोजत कोण होतं?"

"ते नुसतं उदाहरण आहे, आई."

"असेल. मी पण उदाहरण म्हणूनच विचारलं." आणि त्या चहात बिस्कीट बुडवायच्या. त्यांचा चेहरा पेपर तपासताना असायचा तसा, काही कळू न देणारा. बर्डनच्या दिवशी तर त्यांनी जेवण अर्धंच टाकलं. बाईंनी भांडी घासता घासता रडून घेतलं. हे बोलावं तर काय बोलावं? की मी लिहिलं ते खोटं आहे? खोटं नव्हतं. की खरं आहे? तेही पूर्ण खरं नव्हतं.

एकदा त्यांनी धीर करून म्हटलं, "बांधणी सैल वाटते आहे. प्रत बदलून आणते."

"बांधणी मी तपासली. बत्तीस वर्षं पुस्तकं हाताळली आहेत, मला बांधणी शिकवू नकोस."

पान फाडावं असं त्यांच्या मनात आलं, पण कोशाचं पान फाडायला त्यांचा हात धजेना. शेवटच्या सोमवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता. बाईंनी खंड अलगद उचलला, पान तीनशे बारा उघडलं आणि त्याच्या कडांना डिंक लावून ते समोरच्या पानाला चिकटवून टाकलं. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पदवीधर बाईनं, स्वतः लिहिलेल्या कोशात. मग खंडावर वरवंट्यासारखा दाब देत त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या. त्या दिवशी कार्यालयात पोचायला त्यांना पहिल्यांदा उशीर झाला.

मंगळवारी सकाळी त्यांनी सरांच्या ट्रेमध्ये चिठ्ठी टाकली. 'घरच्या परिस्थितीमुळे शक्य होणार नाही.' त्या एका ओळीतही त्या स्वतः कुठे नव्हत्या. सवयीचा परिणाम.

संध्याकाळी त्या घरी आल्या तर सासूबाईंनी खंड मिटून ठेवलेला होता. "ये," त्या म्हणाल्या. "हे पान चिकटलं आहे. सुरी आण."

बाईंनी सुरी आणली. दुसरं काय करणार? कोपऱ्यातून हळूहळू, एकही अक्षर न दुखावता त्यांनीच पान सोडवलं. डिंकाचा वास खोलीत पसरला. 

"आता वाच. मला अक्षर बारीक दिसतं आहे."

भिंग त्यांच्या हातातच होतं. बाई खाटेच्या कडेला बसल्या, वीस वर्षांच्या असताना बसायच्या तशाच, आणि इंग्रजी वाक्य वाचलं.

"मराठीत सांग."

"म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, पण घरात कोंडलेली आहे ती सून."

"आता पुस्तकातली माणसं काढ आणि आपल्याला घाल."

"आई, नको."

"घाल म्हणते ना. हे कसं करायचं ते मी तुला शिकवलं आहे."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरीत कपडे वाळत घालत होतं. "तुम्ही अंथरुणाला खिळल्या आहात," त्या म्हणाल्या, सुरी खाली ठेवली आणि पुढे म्हणाल्या, "पण घरात कोंडलेली आहे ती मी."

म्हटलं आणि बांध फुटला. अकरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. घंटा वाजली की आधी राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते, मग लाजेमुळे तुमचं दुप्पट करते आणि त्याचा पुन्हा राग येतो. तुम्ही मला माणसात आणलंत, म्हणून मी तुम्हाला एक शब्द बोलू शकत नाही. तुम्ही जराशा वाईट असतात तर किती सोपं गेलं असतं. नवऱ्याचा चेहरासुद्धा आता मला नीट आठवत नाही, पण त्याच्या आईची कूस मी रोज दुपारी एकला बदलते. हे सगळं त्या बोलल्या, नाक पुसत, थांबत, पुन्हा सुरू होत. सासूबाईंनी मध्ये तोंड उघडलं नाही. रीतीप्रमाणे गप्प राहायची पाळी आज त्यांची होती.

मग त्या म्हणाल्या, "कोंडलं कोणी? ते वाक्यात नाही."

"त्या शब्दात ते येत नाही, आई."

"येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर विचारते आहे."

 सासूबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "मग मीच घालते मला. मी अंथरुणाला खिळले आहे, आणि सुनेला मी धरून ठेवलं आहे." त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच सरळ होता, हात मात्र चादरीची शिवण चाचपत होता. "लेक न्यायला आली तेव्हा मी नाही म्हटलं. ते काही घरावरच्या मायेनं नाही. लेकीच्या घरी सगळे आपापल्या कामात. मी घंटा वाजवली आणि कोणी आलंच नाही तर काय करू, याची भीती वाटली. इथे तू येतेस. चिडून का होईना, येतेस. तू दारात चहा घेऊन उभी होतीस ते मला दिसत होतं. मी मुद्दाम तुझ्याकडे बघितलं नाही."

 मग बाईंनी दुसऱ्या शहराचं, नव्या कोशाचं, मुखपृष्ठावरच्या नावाचं सगळं सांगितलं. "आज नाही म्हणून चिठ्ठी टाकली," त्या म्हणाल्या.

"मला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. आणि हो म्हणाला असतात तर," बाई अडखळल्या, "तर मला जावं लागलं असतं. आई, मी औषधाच्या दुकानापलीकडे एकटी गेलेलीच नाही. मला तिकडे काय जमणार?"

"हं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे कोंडणाऱ्या आपण दोघी होतो." त्यांनी खंड मिटला. "फोन आण. लेकीशी मी बोलते. तू मध्ये बोलू नकोस."

बुधवारी बाई कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोचल्या असं त्यांना वाटलं, पण सर येऊन बसले होते. ट्रे भरलेला होता. बाई त्यात हात घालून कागद खालीवर करू लागल्या.

"काय शोधताय?"

"माझी चिठ्ठी, सर. मागे घ्यायची आहे."

"मी अजून वाचलेली नाही. काय आहे तिच्यात?"

"चुकीचं उदाहरण आहे," बाई म्हणाल्या. चिठ्ठी सापडली, ती चार तुकडे होऊन पर्समध्ये गेली. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या कोरं कार्ड घेतलं, त्यावर दोन शब्द लिहिले आणि गुरुवारची वाट न बघता ते सरांच्या हातात दिलं. 'मी जाते.' सरांनी वाचलं. लाल पेनाचं टोपण सवयीनं निघालं, पेन 'मी'वर जाऊन थांबलं. सरांनी बाईंकडे बघितलं, टोपण परत लावलं आणि कार्ड खिशात घातलं. नंतर ते म्हणाले, "तिकडे उकाडा फार असतो. पंखा आहे का ते विचारून घेतो."

एक वाजता बाई जिना उतरून घरी निघाल्या. आनंद झाला होता का? झाला होता, पण तो भीतीखाली इतका दबून बसला होता की त्यांना तो ओळखू आला नाही.

नणंद पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी गाडी घेऊन आली. बाईंनी आठवडाभर यादी करून सगळं बांधलं होतं: औषधं, वेळा लिहिलेला कागद, कूस कशी बदलायची त्याचं चित्र, उशा, भिंग आणि पहिला खंड. सासूबाई पान चारशे तीसच्या पुढे आल्या होत्या आणि उरलेलं तिकडे पुरं करणार होत्या. चौघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. अकरा वर्षांनी त्या खोलीच्या दारात आल्या आणि बोळकंडीतली खाट त्यांना पहिल्यांदा दिसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. 

बाहेर गाडीत बसवून झाल्यावर त्यांनी सुनेला खूण करून जवळ बोलावलं. "घंटा राहिली. उशाशी आहे, आण."

बाईंनी धावत जाऊन घंटा आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "ताईंना सांगितलं आहे मी," त्या म्हणाल्या. "वाजली की लगेच यायचं म्हणून."

"सांगितलं असशील," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी घंटा वाजू नये म्हणून तिची जीभ बोटांत घट्ट धरून ठेवली होती. "पहिल्या रात्री वाजवून बघीन. कोणी आलं नाही तर ते तुला कळवायचं नाही, असं मी लेकीला बजावून ठेवलं आहे."